आधी वाचायला द्या, खातं मागाहून उघडतील

प्रति,
पुण्यात मॅस्टोडॉन, पिक्सेलफेड, मॅट्रिक्स वगैरेंचा प्रसार करणारी समस्त मित्रमंडळी,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

एकाच कंपनीच्या मुठीत नसलेलं समाजमाध्यम, म्हणजे ट्विटरसारखं मॅस्टोडॉन, इन्स्टाग्रामसारखं पिक्सेलफेड, निरोपांसाठी मॅट्रिक्स, सर्वसामान्य माणसापर्यंत कसं न्यायचं, यावर तुमच्या बैठका होत असतात. त्यातल्या काहींना मी मागच्या रांगेत बसून हजेरी लावली आहे. चहा चांगला असतो. चर्चाही चांगली असते, फक्त ती दर वेळी एकाच वाक्यापाशी येऊन थांबते : ‘लोकांना स्वातंत्र्याची किंमतच नाही.’ हे वाक्य मला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

मी तुमच्यातली नाही. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. कोथरूडमधल्या एका सोसायटीची मी सेक्रेटरी आहे, म्हणजेच शंभरावर घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन. लोक फोनवर काय उघडतात, काय न वाचता पुढे ढकलतात आणि कशावरून रात्री अकरा वाजता भांडतात, हे मला रोज बघायला मिळतं. तेवढ्या भांडवलावर बोलते आहे.

तुमचा मूळ मुद्दा मला पटलेला आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं आणि कॉलेजच्या दिवसांत एकमेकांना लिहिलेले निरोप, म्हणजे स्क्रॅप्स, त्याच्याबरोबर गेले. २९ जून २०२०ला केंद्र सरकारनं ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. गावोगावच्या पोरापोरींनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. मराठीत लिहिता येतं म्हणून ज्याचं कौतुक झालं ते ट्विटरसारखं भारतीय ॲप कू २०२४च्या जुलैमध्ये गुंडाळलं गेलं. ही यादी तुम्ही पडद्यावर दाखवता आणि आता तरी पटेल अशा आशेनं श्रोत्यांकडे बघता. पण टिकटॉकवर नाच करणाऱ्या एखाद्या मुलीला विचारून बघा. ती म्हणेल, ‘गेलं तर गेलं, इन्स्टावर रील टाकायला लागले.’ जिथं माणसं गेली तिथं तिनं बिऱ्हाड हलवलं, विषय संपला. उद्या सगळं जाईल म्हणून आज कोणी उठून जात नाही. गेल्यावर बघू, असंच म्हणतात, आणि खरोखर बघूनही घेतात.

रागावून आलेली माणसंही टिकत नाहीत. नोव्हेंबर २०१९ तुम्हाला आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं आणि चिडलेले भारतीय वापरकर्ते लोंढ्यानं मॅस्टोडॉनवर आले. काही आठवडे मजा आली, मग बहुतेक जण गुपचूप परतले. ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतलं तेव्हा जगभर तेच झालं. मॅस्टोडॉन महिन्याला वापरणाऱ्यांची संख्या २५ लाखांच्या आसपास गेली आणि पुढच्या काही महिन्यांत त्यातला मोठा हिस्सा ओसरला. रागानं माणूस दारापर्यंत येतो. आत आल्यावर त्याला काय मिळालं, याकडे तुमच्यापैकी फार थोड्यांनी लक्ष दिलं.

काय मिळालं, ते माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत मी शेजारी बसून पाहिलं. तुमच्याच एका बैठकीनंतर तिनं उत्साहानं मॅस्टोडॉनचं ॲप उतरवलं. पहिल्याच पडद्यावर सर्व्हर निवडा. (मॅस्टोडॉन वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या अनेक सर्व्हरवर चालतं, त्यातल्या एकावर खातं उघडायचं असतं.) तिनं मला विचारलं, ‘यातलं पुण्याचं कुठलं?’ मला कुठे माहीत. नाव बरं वाटलं म्हणून तिनं एक निवडला. त्या सर्व्हरनं विचारलं, तुम्हाला इथं का यायचं आहे? बँकेत नोकरी केलेली बाई, फॉर्म रिकामा सोडायची सवय नाही. तिनं लिहिलं, ‘मैत्रिणीनं सांगितलं म्हणून.’ अर्ज मंजुरीसाठी गेला. मंजुरीचा ई-मेल आला तोवर ती हा सगळा प्रकार विसरून गेली होती. मी आठवण केल्यावर तिनं उघडून बघितलं, तर आत शुकशुकाट. कोणाला फॉलो केलेलं नाही, म्हणून दाखवायला काही नाही. इन्स्टाग्राम पहिल्या मिनिटाला मांजरं आणि पुरणपोळ्या समोर आणून ठेवतं. तुमच्या इथं पाहुण्यानं स्वतःच सतरंजी अंथरायची, स्वतःच पाणी भरायचं.

मॅस्टोडॉननं मे २०२३पासून नव्या माणसाला थेट आपल्या मुख्य सर्व्हरवर घ्यायची सोय पुढे केली आणि सर्व्हर निवडायचा पर्याय मागे ठेवला, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी केंद्रीकरण झालं म्हणून नाकं मुरडली होती. मला तर तो त्यांचा शहाणपणाचा निर्णय वाटतो. ट्विटरसारख्याच ब्लूस्कायचंही तेच. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांनी निमंत्रणाची अट काढली, त्याच वर्षी ३० ऑगस्टला ब्राझीलनं एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, बंदी घातली आणि तिथले लाखो लोक काही दिवसांत ब्लूस्कायवर जाऊन बसले. कारण दार एकच होतं, आत गेल्यावर सगळं ओळखीचं दिसत होतं, आणि कोणाला फॉलो करायचं याच्या तयार यादीवर एक बटण दाबलं की घर भरत होतं. ब्लूस्कायचा बहुतेक कारभार अजून एकाच कंपनीच्या यंत्रांवर चालतो, हा तुमचा आक्षेप बरोबर आहे. पण ब्राझीलमधल्या त्या माणसानं तो आक्षेप ऐकून घेण्याआधीच तिथं आपला फुटबॉल क्लब शोधला होता.

समजावून सांगण्याबद्दल एक. तुम्ही दर वेळी ई-मेलचा दाखला देता : जीमेलवरून याहूला पत्र जातं ना, तसंच हे. ज्याचं इंटरनेट सप्टेंबर २०१६मध्ये जिओच्या सिमबरोबर सुरू झालं, त्याला ई-मेल म्हणजे फोन घेताना दुकानदारानं काढून दिलेला आयडी. पासवर्डसुद्धा दुकानदाराच्याच वहीत. त्याला ई-मेलच्या दाखल्यानं काहीही कळत नाही. त्याला नंबर पोर्ट करण्याचा दाखला द्या. जानेवारी २०११पासून आपल्याकडे देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, आणि हे भाजीवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र दाखला दिला की पुढचं खरंही सांगा. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, पण पत्ता बदलतो आणि जुन्या पोस्ट जुन्याच जागी राहतात. हे तुम्ही आधी सांगत नाही. मग कोणाला ते अनुभवातून कळतं आणि तो तुमच्यावर फसवल्याचा ठपका ठेवतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. खातं उघडा, खातं उघडा, हा धोशा थांबवा. माणसाला आधी वाचायला द्या.

एक्सवर २०२३च्या मध्यापासून लॉगिन नसेल तर एखाद्याचं खातं धड बघता येत नाही. कधीच्या काळच्या गाजलेल्या पोस्ट वर येतात, आजची दिसत नाही. इन्स्टाग्राम थोडं खाली सरकलं की दार लावून घेतं. फेसबुकची तीच तऱ्हा. मॅस्टोडॉनवरचं सार्वजनिक खातं मात्र कोणीही, कुठल्याही फोनवरून, काहीही न उतरवता उघडून वाचू शकतो. सगळ्यात नवी पोस्ट वर, त्याखाली त्याच्या आधीची. खात्याच्या पत्त्यापुढे डॉट आरएसएस जोडलं तर तो मजकूर तुम्हाला हवा तिथं ओढून घेता येतो. तुमच्या हातात एवढं चांगलं हत्यार असताना तुम्ही लोकांना प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात ते, समजावत बसता, याचं मला खरंच नवल वाटतं.

आमच्या ग्रुपवर पावसाळ्यात काय होतं ते सांगते. जुलै उजाडला की रोज एकच प्रश्न : खडकवासल्यातून किती सोडलं? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठा २९ टीएमसीच्या वर, हे आता आमच्याकडे शाळकरी मुलंही सांगतात. विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली, मग डेक्कनकडे जाणाऱ्यांचा खोळंबा, नदीकाठी गाड्या लावणाऱ्यांची धावपळ. २५ जुलै २०२४च्या पहाटे विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. त्या सकाळी आमच्या ग्रुपवर आकड्यांचा नुसता गोंधळ होता. कोणी आदल्या रात्रीचा स्क्रीनशॉट टाकतोय, कोणी मागच्या वर्षीचा व्हिडिओ, कोणी बातमीच्या वाहिनीचा अर्धा कापलेला फोटो. वेळ कोणावरच नाही. ज्यांचे नातेवाईक नदीकाठी राहतात ते मला फोन करून विचारत होते, यातला खरा आकडा कुठला?

आकडे गुप्त नसतात. जलसंपदा विभाग ते जाहीर करतो, ते अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर जातात, वर्तमानपत्रांकडे जातात. सामान्य माणसाला फक्त एक अशी जागा हवी आहे, जिची लिंक ग्रुपवर वर पिन करून ठेवता येईल आणि जिथं कधीही गेलं तरी शेवटचा आकडा सर्वात वर दिसेल. किती वाजताचा, कोणत्या धरणाचा, आकडा कुठून घेतला, एवढं त्यात असलं की झालं. हे तुम्ही करू शकता. तुमच्यातले निम्मे लोक दिवसभर हिंजवडीत आणि खराडीत असल्याच गोष्टी करतात. एक बॉट, म्हणजे आकडे आपोआप टाकणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायचा आणि पावसाळ्यात पाळीपाळीनं दोन माणसांनी त्यावर नजर ठेवायची. बॉटच्या भरवशावर नुसतं सोडून देऊ नका. पुराच्या रात्री एक शून्य जास्त पडलं तर लोक सामान घेऊन रस्त्यावर येतील, आणि एक शून्य कमी पडलं तर त्याहून वाईट.

धरण झालं, की पाणीपुरवठा. देखभालीसाठी पाणी बहुधा गुरुवारी बंद असतं आणि कुठल्या भागात, हे बुधवारी रात्री टाकी भरायची वेळ निघून गेल्यावर ग्रुपवर येतं. गणेशोत्सवात कुठले रस्ते किती ते किती बंद, पीएमपीच्या कुठल्या मार्गात बदल, सिंहगड घाट दरड पडल्यामुळे बंद आहे की चालू. यातलं प्रत्येक खातं वेगळं ठेवा. सगळं एकाच खात्यावर कोंबलं की ते पुन्हा व्हॉट्सॲप ग्रुपच होतं. ज्याला फक्त धरण बघायचं आहे त्याला गणपतीच्या मिरवणुकीचे मार्ग कशाला?

तुम्ही म्हणाल, हे महापालिकेनं करायला हवं. हवंच. जर्मनीच्या केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी तिथल्या माहिती-संरक्षण आयुक्तांनी मॅस्टोडॉनचा सर्व्हर चालवला आहे, नेदरलँड्सच्या सरकारनं २०२३मध्ये स्वतःचा सुरू केला. पण त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या सरकारनंही सुरू केला होता आणि प्रतिसाद नाही म्हणून वर्षभरात बंद केला. नुसती सरकारी पाटी लावून माणसं येत नाहीत, एवढं त्यावरून कळावं. महापालिकेकडे निवेदन घेऊन जाण्याआधी वाचणारे जमवा. वाचणारे जमले की निवेदनाला वजन येतं. नाहीतर आवक-जावक वहीत एक शिक्का, दुसरं काय.

वाचणाऱ्यांतले काही पुढे खातं उघडतीलच. सगळे नाही, आणि सगळ्यांनी उघडायची गरजही नाही. उघडणारे बहुधा आधीच कशात तरी रमलेले असतील. पहाटे कवडी पाटाला पक्षी बघायला जाणारे, दर रविवारी किल्ल्यावर जाणारे, गच्चीवर भाजी लावणारे. या लोकांना फोटो टाकायचे असतात आणि ते ओळखणारी, चार जाणती माणसं हवी असतात. लाखभर लाइक त्यांना नको असतात. एखाद्या पक्षिमित्रांच्या गटाला सगळ्यांनी एकदम पिक्सेलफेडवर आणा. एकेकट्याला आणू नका. एकटा आलेला आठवड्यात परत जातो. आणि नावाजलेल्या लेखक-नटांच्या मागे लागू नका. ते एक फोटो टाकून जातील आणि तुम्ही वर्षभर त्याचा स्क्रीनशॉट दाखवत बसाल.

आल्यावर त्यांना शिकवू नका. निदान पहिल्या दिवशी नको. फोटोखाली वर्णन लिहिलं की न दिसणाऱ्यांनाही ते ऐकता येतं, ही तुमच्याकडची पद्धत मला फार आवडते. ती आमच्या ग्रुपवरही यायला हवी. पण बुलबुलाचा पहिला फोटो टाकणाऱ्या आजोबांना पहिलं उत्तर ‘वर्णन कुठे आहे?’ असं गेलं, तर आजोबा दुसरा फोटो टाकत नाहीत. त्यांना आधी म्हणा, छान आलाय, कुठे दिसला? वर्णनाचं आठवड्यानं सांगा, किंवा त्यांच्या परवानगीनं तुम्हीच लिहून द्या. पुणेकराला दुसऱ्याची चूक दाखवल्याशिवाय चैन पडत नाही, हे मी आमच्या वार्षिक सभेत बघतेच. पण त्या सभेला कोरम का भरत नाही, तेही बघते.

मराठीसाठीही थोडा वेळ काढा. मॅस्टोडॉनचं भाषांतर क्राउडिन या भाषांतराच्या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात. तिथं जाऊन मराठीकडे बघा आणि हात लावा. वाक्यं मात्र घरात कोणाला तरी वाचून दाखवा, शासकीय परिपत्रकासारखी करू नका. पोस्ट लिहिताना भाषा मराठी निवडायची असते, हे नव्या माणसाला सांगा, नाहीतर भाषेनुसार गाळून वाचणाऱ्यांना त्याचं लिखाण दिसतच नाही. आणि हॅशटॅगच फॉलो करता येतो, ही सोय नोव्हेंबर २०२२पासून आहे. पहिल्या दिवशीचा शुकशुकाट घालवायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. तरी तुमच्या एकाही सादरीकरणात मी ते पाहिलं नाही.

राहिला पैशांचा आणि विश्वासाचा प्रश्न. आमच्या सोसायटीतले लोक दुसरं काही विचारणार नाहीत, हे हमखास विचारतील : हे चालवतं कोण, आणि त्यानं बंद केलं तर? प्रश्न रास्त आहे. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलासारख्या संस्थेनं आपला मॅस्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४मध्ये बंद केला. क्विअर डॉट एएफ हा सर्व्हर तर अफगाणिस्तानच्या ‘डॉट एएफ’ डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावर, होता. फेब्रुवारी २०२४मध्ये तिथल्या तालिबान सरकारनं ते डोमेनच काढून घेतलं. तुमच्यातला एक जण हौसेनं स्वतःच्या खिशातून सर्व्हर चालवतो, हे ऐकायला छान वाटतं. पण त्याचं लग्न ठरलं, बंगळूरला बदली झाली, किंवा नुसता कंटाळा आला, की आमचं धरणाचं खातं कुठे जाणार?

याचं उत्तर आपल्या राज्यात शोधायला लांब जायला नको. १९६०चा सहकारी संस्थांचा कायदा आहे आणि पुण्यातल्या निम्म्या लोकांना तो कलमांसकट पाठ आहे. सभासद, वर्गणी, कार्यकारिणी, ताळेबंद, वार्षिक सभा. परदेशात सोशल डॉट को-ऑप नावाचा सर्व्हर सभासदांनी मिळून असाच चालवलेला आहे. तुम्ही सहकारी संस्था काढा किंवा न्यास नोंदवा, पण कागदावर या. हिशेब वर्षातून एकदा सगळ्यांसमोर मांडा. २०२१च्या आयटी नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क प्रसिद्ध करावा लागतो. सर्व्हर छोटा म्हणून ती जबाबदारी सुटत नाही. ते नाव ठळक लावा. बाईला कोणी घाणेरडं बोललं तर कोणाकडे जायचं आणि किती वेळात उत्तर मिळणार, हे मराठीत लिहून ठेवा. मोठ्या कंपन्यांकडे तक्रार केली की यंत्राचं उत्तर येतं. तुमच्याकडे माणसाचं येईल, आणि तेही मराठीत, ही गोष्ट मी आमच्या सोसायटीतल्या बायकांना नक्की सांगू शकते. स्वातंत्र्याबद्दल नाही सांगता येणार मला, पण हे येईल.

वर्षाला शे-दोनशे रुपये वर्गणी लोक देतील का? सुरुवातीला नाही देणार. दोन पावसाळे धरणाचा आकडा वेळेवर मिळाला, तर देतील. आमच्याकडे गणपतीची वर्गणी न देणारेसुद्धा पाण्याच्या टँकरचे पैसे त्याच दिवशी आणून देतात.

तेव्हा पुढच्या बैठकीत ‘लोक का येत नाहीत’ हा विषय ठेवू नका. धरणाच्या खात्याची जबाबदारी कोणाची, रात्रपाळी कोणाची, आकडा कुठून आणि किती वेळानं घ्यायचा, एवढंच ठरवा. मे अखेरपर्यंत खातं सुरू झालं तर त्याची लिंक मी आमच्या ग्रुपवर पिन करते आणि आसपासच्या चार सोसायट्यांच्या सेक्रेटरींनाही पाठवते. त्यातले दोघे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर आहेत. आकडा चुकला तर ते पहाटे पाचला फोन करतील, तेव्हा नंबर कोणाचा द्यायचा तेही बैठकीतच ठरवून मला कळवा.

कळावे,
आपली,
कोथरूडमधल्या एका सोसायटीची सेक्रेटरी